दोन थाऊ तेलासाठी

इंजिन खोलून ठेवलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी पिस्टन उचलून बघतो, मग सिलिंडरमध्ये बोट फिरवतो आणि विचारतो, "बोअर करायला लागणार का?" क्रँककडे, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने गोल फिरणाऱ्या मुख्य दांड्याकडे, फारसं कोणी बघत नाही. ती बिचारी कोपऱ्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळून पडलेली असते. खरं तर पिस्टनवर जेवढा म्हणून स्फोटाचा जोर येतो तो सगळा कनेक्टिंग रॉडमधून खाली क्रँकवरच येतो, आणि क्रँक ज्या बेअरिंगांमध्ये फिरते ती बेअरिंगं त्या क्रँकला धड टेकलेलीसुद्धा नसतात. दोघांच्या मधे तेल असतं. किती? तर साधारण दोन थाऊची फट, म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दोन, आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीएवढी. ही फट कुठल्याही डब्यात विकत मिळत नाही. बेअरिंग मिळतं, क्रँक ग्राइंड करून मिळते, बोल्ट मिळतात, पण फट आपल्याला तयार करावी लागते, आणि ती तयार झाली की नाही हे मापल्याशिवाय कळायला दुसरा काही मार्ग नाही. मला आज एवढंच लिहायचंय, पण ते सविस्तर लिहायचंय.

आमची गाडी म्हणजे महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप. उंच बॉनेटवाली, पेट्रोलची, हरिकेन इंजिन. हे इंजिन मूळ विलिज कंपनीचं, चार सिलिंडर, १३४ क्युबिक इंच म्हणजे २.२ लिटर, इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. दुसऱ्या महायुद्धात जी जीप जगभर फिरली तिच्या इंजिनाचाच हा पुढचा भाऊ, खालचा अर्धा भाग जवळपास तोच. महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे विलिजच्या जीप आणायला सुरुवात केली आणि सीजे-३बी तर पुढे कितीतरी वर्षं बनवली, त्यामुळे कोल्हापूर-साताऱ्याच्या बाजूला ऊसवाल्यांकडे, कारखान्यांकडे, ठेकेदारांकडे ही गाडी सर्रास असायची. बाबांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती.

इंजिन खोलायचं कारण म्हणजे ऑइल प्रेशर. सकाळी गार असताना काटा एकदम झकास वर, आणि तासभर चालवून सिग्नलला उभं राहिलं की काटा हळूहळू खाली बसायचा. शिवाय चढाला टॉप गिअरमध्ये ओढताना खालून एक जड, बद्द आवाज यायचा. रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर आवाज वेगळा असतो, टणटणीत, आणि ॲक्सिलरेटर सोडताना जास्त जाणवतो. मेन बेअरिंगचा, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये ज्यात फिरते त्याचा, आवाज पोटातून आल्यासारखा येतो आणि ओझं पडलं की येतो. हा दुसरा होता.

खालचा चेंबर काढून मधल्या मेन बेअरिंगची कॅप, म्हणजे ते खालून धरणारा बोल्टने आवळलेला तुकडा, सोडली तर शेलच्या, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पातळ पाळीच्या, पाठीमागे, कॅप आणि शेलच्या मधे, चांदीचा कागद निघाला. सिगारेटच्या पाकिटातला असतो तो, नीट कापून, कडा दुमडून बसवलेला. कधीतरी कुणीतरी बेअरिंग सैल झालं म्हणून ते आतून "उचलून" घट्ट केलं होतं. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही, त्या काळी वेळेवर बेअरिंग मिळालं नसेल, गाडी उभी ठेवणं परवडत नसेल. पण हा प्रकार घातकच. शेलची पाठ लोखंडाला घट्ट चिकटलेली असली तरच बेअरिंगची उष्णता बाहेर जाते, मधे कागद आला की ती तिथेच अडते. आणि कागद एका जागी जाड, एका जागी दबलेला, त्यामुळे शेलचा गोल हा गोल राहत नाही. त्या शेलच्या आतल्या बाजूला मधोमध पट्टा घासून खालचा तांब्याचा रंग दिसायला लागला होता, आणि दोन्ही बाजू मात्र नव्यासारख्या करड्या.

तो तांब्याचा रंग का दिसतो तेही सांगतो. ट्रायमेटल शेल म्हणजे पोलादाची पाठ, तिच्यावर तांबं-शिशाचा थर, आणि सगळ्यात वर शिसं-कथिलाचा अगदी पातळ मऊ थर, साधारण अर्धा ते एक थाऊचा. हा वरचा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, तेलातून बारीक कण आला तर तो त्यात रुतावा आणि क्रँकला ओरखडा पडू नये म्हणून. म्हणजे जो थर सगळं सांभाळतो त्याचीच जाडी फटीच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. अशा ठिकाणी अंदाजाने काम करायचं म्हणजे मला तरी धाडस वाटतं.

आता, फट मुळात हवीच कशाला, घट्टच का बसवू नये, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर नावाच्या इंजिनिअरला मिळालं, तेही ध्यानीमनी नसताना. तो रेल्वेच्या डब्यांच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता, आस खाली तेलात बुडालेला आणि वरून अर्धं बेअरिंग टेकवलेलं. त्या बेअरिंगला वरून तेल घालायला त्याने एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर भोकातून तेल आत जायच्या ऐवजी उसळून बाहेर यायला लागलं. त्याने बूच लावलं, बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. मग त्याने तिथे प्रेशर गेज बसवलं तर काटा २०० पौंडांच्या पुढे गेला, आणि बेअरिंगवर टाकलेलं ओझं सरासरी होतं फक्त १०० पौंड दर चौरस इंच. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेल ओढून पाचरीसारखं खाली घेत होता आणि त्या तेलावर तरंगत होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणावर चालतं.

ही गोष्ट मला फार आवडते कारण तिच्यामुळे ऑइल पंपाबद्दलचा एक मोठा गैरसमज जातो. आपल्याला वाटतं पंपाच्या प्रेशरवर क्रँक उचलली जाते. तसं नाहीये. पंप काही दहा-वीस-चाळीस पौंडांनी तेल फक्त आणून देतो, आणि स्फोटाच्या वेळी बेअरिंगच्या तेलात जे प्रेशर तयार होतं ते हजारो पौंडांत असतं, ते क्रँकच्या फिरण्याने आणि त्या फटीच्या आकाराने तयार होतं. फट फार कमी तर तेल आत जायला, गरम तेल बाहेर पडायला जागा नाही, बेअरिंग तापून क्रँकला चिकटतं. फट फार जास्त तर तेल कडेने पळून जातं आणि पाचर नीट बनत नाही. आणि किती पळतं? इथे खरी मेख आहे. बाकी सगळं तेच ठेवून फट दुप्पट केली तर तेल दुप्पट नाही, आठपट पळतं, घनाच्या हिशोबाने. दोन थाऊच्या जागी चार थाऊ झाले की बघणाऱ्याला वाटतं त्यात काय एवढं, पण पंपाला विचारा. आमचा काटा गरम झाल्यावर का बसायचा याचं उत्तर यातच होतं, तेल पातळ झालं की त्या मोठ्या फटीतून ते पाण्यासारखं वाहून जात होतं.

मिस्त्रीकाकांचं आणि माझं यावरूनच वाजलं. काकांनी या गाडीचं काम बाबांच्या वेळेपासून केलंय, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांची उमेद गेली, ऊस गाळायच्या चरकाच्या ऑइल इंजिनापासून ट्रकपर्यंत त्यांनी किती इंजिनं बांधली असतील त्याचा हिशोब नाही. त्यांची पद्धत अशी की क्रँक बसवायची, एक कॅप आवळायची, हाताने फिरवून बघायची, मग दुसरी आवळायची, परत फिरवायची. कुठे जड लागली की तिथे थांबायचं. मी मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रूने बारीक माप घ्यायचं साधन, काढून बसलेलो बघून म्हणाले, "काय मापत बसलायस बाळा, हाताला कळतंय की. फिरली म्हंजे बसली."

मी म्हटलं, "काका, घट्ट असेल तर तुमच्या हाताला कळतं, शंभर टक्के कळतं. पण सैल असेल तर?"

ते जरा थांबले. कारण प्रश्न खरा आहे. तेल लावून दोन थाऊच्या फटीतली क्रँक आणि तेल लावून चार थाऊच्या फटीतली क्रँक, दोन्ही हाताला सारख्याच लोण्यासारख्या फिरतात. हात घट्टपणा ओळखतो, सैलपणा ओळखत नाही. आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे बरं का, मापाला जे कळत नाही ते हाताला कळतं. क्रँक किंचित वाकलेली असेल, ब्लॉकमधली तीन बेअरिंगांची घरं एका रेषेत नसतील, तर प्रत्येक बेअरिंगचं माप सुटं सुटं बरोबर येईल आणि तरीही क्रँक फिरताना एका जागी अडकेल, आणि काकांचा हात ते क्षणात पकडेल. म्हणून आम्ही ठरवलं की दोन्ही करायचं, आधी माप आणि मग हात.

मापायची तयारी म्हणजे निम्मं काम, आणि ते निम्मं काम म्हणजे सफाई. क्रँकच्या आतून तेलाच्या वाटा असतात, मेन जर्नलमधून, म्हणजे मेन बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागातून, तिरक्या भोकांनी रॉडच्या पिनपर्यंत, म्हणजे रॉड जिथे बसतो त्या गोल भागापर्यंत, जाणाऱ्या. ग्राइंडिंगचा चुरा त्यातच जाऊन बसतो. बारीक लांब ब्रश डिझेलमध्ये बुडवून प्रत्येक भोकातून आरपार, मग हवा, मग परत ब्रश, आणि शेवटचं डिझेल स्वच्छ वाटीत धरून उजेडात बघायचं की तळाला काही चमकतंय का. पुसायला कॉटन वेस्ट अजिबात वापरायचं नाही, त्याचे धागे सुटतात. आजोबांच्या धोतराचं जुनं, शेकडो वेळा धुतलेलं कापड याच्यासाठी सगळ्यात उत्तम, मी दुसरं काही वापरत नाही.

मग तापमान. मापनाचं जगभरातलं ठरलेलं तापमान २० अंश सेल्सिअस, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस असतं. पोलाद एका अंशाला दशलक्षात साधारण साडेअकरा भागांनी वाढतं, म्हणजे या क्रँकचं सव्वादोन इंचांच्या वरचं जर्नल वीस अंशांच्या फरकाने अर्धा थाऊ वाढतं. दोन थाऊ शोधायला निघालेल्या माणसाला अर्धा थाऊ म्हणजे चेष्टा नाही. पण याने घाबरून जायचं कारण नाही. क्रँक पोलादाची, ब्लॉक बिडाचा, मायक्रोमीटर पोलादाचा, सगळे जवळपास सारखेच वाढतात, त्यामुळे सगळं एकाच तापमानाला असलं की झालं. मी क्रँक, ब्लॉक, मायक्रोमीटर आणि त्याचा स्टँडर्ड (मायक्रोमीटर तपासायचा ठरलेल्या मापाचा तुकडा) असं सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवलं आणि पहाटे उन्हं यायच्या आत मापलं. मायक्रोमीटर मुठीत धरून गप्पा मारत बसायचं नाही, हाताच्या उबेने त्याची चौकट वाढते, तिच्यावर ते प्लॅस्टिकचे तुकडे लावलेले असतात ते त्याच्यासाठीच.

आणखी एक, व्हर्नियरने हे काम होत नाही. डिजिटल व्हर्नियर दोन-तीन दशांश स्थळं दाखवतो म्हणून लोकांना वाटतं की चालेल. त्याचे जबडे पट्टीपासून लांब असतात, जरा जोर जास्त दिला की ते तिरके होतात आणि आकडा बदलतो. मायक्रोमीटरचा स्क्रू आणि मापायची वस्तू एकाच सरळ रेषेत असते, म्हणून तो विश्वासाचा. आणि टोकाच्या रॅचेटनेच, म्हणजे ठराविक जोराला सटकणाऱ्या मुठीनेच, फिरवायचा, अंगठ्याच्या जोराने नाही.

या क्रँकला तीन मेन जर्नल आणि चार पिना. मूळ मापं मेनची २.३३३१ ते २.३३४१ इंच आणि रॉडच्या पिनांची १.९३७५ ते १.९३८३. झीज झाली की ग्राइंड करून दहा, वीस, तीस, चाळीस थाऊने लहान करतात आणि तेवढीच जाड बेअरिंगं घालतात, गॅरेजमध्ये त्यालाच टेन साइज, ट्वेंटी साइज म्हणतात. आमच्या मेन ट्वेंटीवर गेल्या, पिना टेनवर भागत होत्या. प्रत्येक जर्नल चार ठिकाणी मापायचं, पुढच्या कडेला उभं आणि आडवं, मागच्या कडेला उभं आणि आडवं. उभ्या-आडव्यात फरक आला तर जर्नल अंडाकृती, पुढच्या-मागच्यात फरक आला तर ते निमुळतं. सात जर्नल, अठ्ठावीस आकडे. वहीत आधी तक्ता आखून घ्या आणि आकडा वाचला की लगेच लिहा, मनात ठेवून पुढच्यावर जाऊ नका. शक्यतो लिहायला दुसरा माणूस असावा. आमच्याकडे मुलगी लिहायला बसली होती, ती प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणायची आणि मी हो म्हटल्यावरच लिहायची, ही पद्धत मला फार पटली.

आता बेअरिंगचा आतला व्यास. शेल ब्लॉकमध्ये आणि कॅपमध्ये कोरडे बसवायचे, पाठीला तेलाचा थेंब नको, तेलाचं भोक भोकासमोर आलंय ना ते दोनदा बघायचं, आणि क्रँक न घालता कॅप पूर्ण टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळाच्या जोराला, आवळायच्या, मेनला ६५ ते ७५ फूट-पौंड, तेही एकदम नाही, तीन टप्प्यांत. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. शेलचे दोन अर्धे तुकडे हे खरे अर्ध्यापेक्षा किंचित मोठे असतात, बसवल्यावर त्यांच्या कडा घराच्या कडेपेक्षा केसभर वर राहतात. कॅप आवळली की त्या दाबल्या जातात आणि त्या दाबानेच शेल घरात घट्ट बसतो, फिरत नाही. ते न कळल्यामुळे काही जण त्या कडा कानशीने घासून "लेव्हल" करतात, काही जण कॅपच घासतात. एकदा घासलेली कॅप परत वाढत नाही, मग लाइन बोरिंगशिवाय, म्हणजे सगळी घरं मशीनवर परत एका रेषेत कापून घेतल्याशिवाय, गत्यंतर नाही. कृपा करून असं करू नका आणि कुणी करत असेल तर हात धरा.

आतला व्यास मापायला बोअर डायल गेज. यातली एक युक्ती आहे जिच्यामुळे घरगुती साधनांतही खात्रीचं माप निघतं. मायक्रोमीटर जर्नलवर लावायचा, माप आलं की तिथेच लॉक करायचा, मग त्या लॉक केलेल्या मायक्रोमीटरच्या दोन तोंडांमध्ये बोअर गेज धरून हळूहळू डोलवायचं, काटा जिथून परत फिरतो तिथे डायलचा शून्य आणून ठेवायचा. आता तेच गेज बेअरिंगमध्ये घालून डोलवलं की काटा शून्यापासून जेवढा दूर परत फिरेल तेवढाच क्लिअरन्स, म्हणजे आपली फट. वजाबाकी नाही, काही नाही. आणि मोठा फायदा म्हणजे तुमचा मायक्रोमीटर अर्धा थाऊ चुकीचं दाखवत असला तरी फरक पडत नाही, कारण जर्नल आणि बेअरिंग दोन्हीची तुलना त्याच एका अंतराशी झाली. माप कॅपच्या जोडापासून काटकोनात घ्यायचं, म्हणजे वर-खाली. जोडापाशी शेल मुद्दाम पातळ केलेला असतो, तिथे जास्तच दिसणार.

मेनची मापं आली १.८, २.० आणि २.२ थाऊ. जुना ठोकताळा असा की जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ किंवा त्याला थोडं कमी, म्हणजे इथे सव्वादोनच्या आसपासपर्यंत ठीक. पण ठोकताळा हा ठोकताळा, आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच शेवटचं. नव्या गाड्यांत तर हे सगळं याहून बारीक असतं, सुझुकीच्या कितीतरी इंजिनांत जर्नलचे आणि घराचे नंबर ब्लॉकवर, क्रँकवर ठोकलेले असतात आणि त्यावरून हिरवं, काळं, पिवळं, निळं अशा रंगाच्या खुणांचं शेल निवडायचं असतं.

रॉडच्या पिनांना मात्र मी बोअर गेजबरोबर प्लॅस्टिगेजही लावलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही मेणाच्या वातीसारखी बारीक, मऊ प्लॅस्टिकची काडी असते, हिरव्या पाकिटातली एक ते तीन थाऊसाठी. कोरड्या पिनेवर लांबीच्या दिशेने एक तुकडा ठेवायचा, कॅप लावून पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक जराही हलू द्यायची नाही, आणि परत सोडायची. काडी चेपून पट्टी झालेली असते, पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी तिची रुंदी जुळवून बघायची. रुंद पट्टी म्हणजे फट कमी, अरुंद पट्टी म्हणजे फट जास्त. बोअर गेज घ्यायची ऐपत नसेल, कुणाकडून मिळत नसेल, तर फक्त टॉर्क रेंच आणि प्लॅस्टिगेज एवढ्यावरसुद्धा माणूस घरी इंजिन समाधानाने बांधू शकतो असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पिन, दुसरी पिन, सुंदर सरळ पट्ट्या. तिसरीची कॅप काढली तर पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळती होत गेलेली, भाताच्या शितासारखी नाही तर अगदी पाचरीसारखी सरळ रेषेत उतरलेली. रुंद टोकाला दीड थाऊच्या जवळ, अरुंद टोकाला जवळपास तीन. मायक्रोमीटरच्या तक्त्यातही तेच होतं, एका कडेला १.९२८०, दुसऱ्या कडेला १.९२६८, एक थाऊच्या वर फरक. दोन वेगळ्या साधनांनी एकच गोष्ट सांगितली की मग शंकेला जागा राहत नाही. ग्राइंडिंगच्या चिठ्ठीवर चारही पिनांपुढे "टेन साइज ओके" असं लिहिलं होतं.

क्रँक परत घेऊन गेलो. तिथले मालक आधी म्हणाले, "आमच्याकडनं असं जात नाय साहेब." मी वही पुढे केली आणि म्हटलं, माझ्या आकड्यांवर जाऊ नका, तुमच्याच मायक्रोमीटरने बघा. त्यांनी पिन पुसली, दोन्ही कडांना लावून बघितलं, परत पुसून परत लावलं, आणि मग काही न बोलता पोराला सांगितलं की ही मशीनवर चढव आणि आधी दगड ड्रेस कर, म्हणजे ग्राइंडिंगचा दगड घासून सरळ कर. त्या माणसाबद्दल मला आदरच वाटला. एकच पिन लहान करून चार पिनांना दोन साइज करण्यापेक्षा चारही ट्वेंटीवर घेतल्या, टेनची बेअरिंगं दुकानदाराने पाकीट न फाडलेली होती म्हणून बदलून दिली, एक सेट उघडला होता त्याचे पैसे गेले. जाऊ देत. या खेपेला मी उभा राहून पिनेच्या दोन्ही बाजूंचा गोलवा पण बघून घेतला, जिथे पिन क्रँकच्या भिंतीला मिळते तिथला. तो गोलवा खाऊन काटकोन केला की क्रँक पुढेमागे तिथूनच तडकते, आणि जास्त ठेवला तर बेअरिंगची कड त्यावर चढते. क्लिअरन्सच्या नादात हे बघायचं राहून जातं.

परत सफाई, परत पहाट, परत तक्ता. चारही पिना दीड ते पावणेदोनच्या मधे, आणि प्लॅस्टिगेजच्या चारही पट्ट्या दोन्ही टोकांना सारख्या. ती प्लॅस्टिकची पट्टी नखाने किंवा पत्र्याने खरवडायची नाही, तेलाच्या बोळ्याने पुसली की विरघळून निघते.

क्रँकची पुढे-मागे हालचाल, म्हणजे एंड प्ले, हा वेगळा विषय पण मोजायचा राहू नये. या इंजिनात तो ४ ते ६ थाऊ ठेवतात आणि पुढच्या टायमिंग गिअरमागच्या पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, कमीजास्त करून जमवतात. क्लच दाबला की सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो, त्यामुळे घाटात हाफ क्लचवर चालवणाऱ्यांनी याच्याकडे जरा जास्तच लक्ष द्यावं.

मग काकांची पाळी आली. मागचं दोरीचं पॅकिंग न घालता आधी क्रँक बसवली, कारण नवीन पॅकिंग क्रँकला धरून ठेवतं आणि मग जड कशामुळे लागतंय तेच कळत नाही. शेलना तेल, जर्नलना तेल, कॅप एक, फिरवली. कॅप दोन, फिरवली. तिसरी आवळल्यावर काकांनी डोळे मिटून दोन पूर्ण फेरे मारले, मधेच उलट्या दिशेने अर्धा फेरा घेतला, आणि "सरळ हाय" एवढंच म्हणाले. मग वहीतला तक्ता मागून घेतला, चष्मा लावून एकेक आकडा वाचला आणि विचारलं, "ही मागली दोन पॉइंट दोन, पुढलीपेक्षा जास्त कशापायी ठेवलीस?" मी सांगितलं की ती मापातच आहे, आणि ती कमी करायची म्हणजे एकतर दुसऱ्या कंपनीचे शेल घालून बघायचे किंवा काहीतरी घासायचं, त्यापेक्षा राहू दे. त्यांना ते पटलं, पण त्यांनी विचारलं याचाच मला जास्त आनंद झाला.

इंजिन गाडीत बसल्यावर प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून नुसतं स्टार्टरवर फिरवलं, थांबत थांबत, ऑइल प्रेशर गेजवर दिसेपर्यंत. डॅशबोर्डच्या काट्यावर न जाता ब्लॉकवर वेगळं मेकॅनिकल गेज लावलं होतं. पहिल्या स्टार्टला प्रेशर चांगलं येणारच, गार तेल जाड असतं, जुन्या बेअरिंगांवरही यायचं. त्यामुळे त्या दिवशी कोणी पेढे आणायचे म्हणत होते त्यांना मी थांबवलं. थोडं रनिंग झालं, पहिलं ऑइल बदललं, काढलेलं ऑइल पांढऱ्या कपड्यातून गाळून बघितलं, आणि मग एका कडक उन्हाच्या दुपारी काकांना पुढे बसवून पन्हाळ्याचा चढ चढलो. वर नाक्यावर गाडी न्यूट्रलला टाकून तशीच चालू ठेवली. आयडलला पंधरा पौंडांच्या वर काटा थांबला आणि पाच मिनिटांनीही तिथेच होता. काकांनी गेजच्या काचेवर दोनदा टिचकी मारून बघितली, मग उतरून सगळ्यांसाठी चहा सांगितला.

ज्यांना घरी हे करायचंय त्यांनी खर्चाची धास्ती घेऊ नका. एक ते दोन आणि दोन ते तीन इंचाचे मायक्रोमीटर जुन्या बाजारात मिळतात, फक्त सोबत स्टँडर्ड असल्याशिवाय घेऊ नका. बोअर गेज दोन दिवसांसाठी ओळखीच्या मशीन शॉपमधून मागा, स्वच्छ करून परत दिलं तर पुढच्या वेळी हसत देतात. रॉडच्या बाजूची फट, पिस्टन आणि रिंगांचं गॅप यांची मापं मी याच वहीत पुढच्या पानांवर घेतली आहेत, ती पुढच्या लेखात लिहीन. कुणाकडे हरिकेन इंजिन खोललेलं असेल आणि तक्ता हवा असेल तर सांगा, फोटो काढून पाठवतो.